कचेरीची सावड

हे बाहेर बोलायचं नाही असं वाडीत ठरलेलं आहे, पण वनखात्याची कचेरी आमच्या ठाकरवाडीत भातलावणीला येते. कचेरीतली माणसं नव्हेत, कचेरीच. कौलं, पायऱ्या, कपाटं आणि आतले साहेब, सगळ्यांसकट.

सुरुवात वणव्यापासून झाली. कचेरी तेव्हा घाटाखालीच होती. तिच्या मागचं जंगल पेटलं, तेव्हा माझी पोशीआत्या वाडीतल्या बायकांना घेऊन धावली आणि ओल्या डहाळ्यांनी झोडपून त्यांनी आग विझवली. साहेब मजुरी द्यायला लागले. पोशीआत्याने हात मागे घेतला.

"मजुरी नको, सायब. ही सावड झाली. आमी तुमच्या कामाला आलो, आता तुमी आमच्या कामाला या."

"कुणाला पाठवू?"

"ज्याचं काम, त्यानं यायचं."

काम कचेरीचं होतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाला पाठवून चालणार नव्हतं.

पावसाळ्यात ती घाट चढून आली. पहिल्यांदा तिला काहीच जमेना. प्रत्येक रोपापाशी ती थांबून राहायची.

"अगं बाई, नंबर काय घालतेस त्यांना?" शेजारच्या बुधीने विचारलं.

"नोंद हवी," कचेरी म्हणाली.

"भात पिकलं की दिसंल सगळ्यांना. सरक पुढं!"

बायका इतक्या हसल्या की साहेबांनी आतून खिडकी लावून घेतली.

पण ती शिकली. बायकांच्या ओळीत वाकून लावणी करायची. पाठ भरून आली की तिची कौलं वाजायची. न्याहारीला सगळ्या बांधावर बसल्या की जंगलाच्या गोष्टी तिथंच निघायच्या. हिरडा कधी झोडायचा, गुरं कुठं चारायची, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही. ती पोशीआत्याला विचारायची, पोशीआत्या तिला. जुळलं नाही तर उद्यावर ठेवायचं. सावड सुरू होण्याआधी पोशीआत्या कितीदा तरी तिच्या पायरीवर दिवसभर बसून परत आली होती, आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून त्या लावणीच्या दिवसांचा विषय निघाला की पोशीआत्याचा आवाज मऊ होतो. भिजलेल्या फायलींचा वास यायचा, म्हणते, आणि तिच्या आडोशाला भाकरी कोरडी राहायची.

मग कचेरीची बदली झाली, लांब जिल्ह्याच्या गावी. आदेशात लिहिलं होतं की जाण्यापूर्वी कुणाचं काही बाकी ठेवू नये. त्या उन्हाळ्यात बायकांनी तिच्यासाठी वणवा अडवायला गवत जाळून जाळरेषा काढून दिली होती, तेवढी सावड फिटायची होती.

"तुमचं हे शेवटचं खाचर आज लावून देते," कचेरी म्हणाली. "म्हणजे बाकी निरंक होईल."

पोशीआत्याने खाचराकडे पाहिलं. त्यातलं भात तिला शिमग्यापर्यंत पुरायचं. पण ते लागलं की कचेरीला पुन्हा घाट चढायचं कारण उरणार नव्हतं. मग जंगलाबद्दल कोण विचारणार? परत ती पायरीच.

"आज नको," ती म्हणाली.

"रोपं पिवळी पडतील, पोशीबाई."

"पडू देत."

"सदर खाचर पडीक राहील."

"राहू दे गं. सावड बाकी असताना कुणी तोंड फिरवत नाय. तू जा. तुझी एक लावणी माझ्याकडं हाय."

कचेरीने चिखलातून पायऱ्या काढल्या. "नोंद घेतली आहे," म्हणाली आणि घाट उतरून गेली. वळण येईपर्यंत तिची एक खिडकी उघडी होती.

तेव्हापासून ती दर पावसाळ्यात एक दिवस येते आणि रोपांना हात घालते. पोशीआत्या "आज नको" म्हणते. मग दोघी बांधावर बसून जंगलाचं ठरवतात. खाचर अजून रिकामं आहे. वरून कुणी चौकशी केली, तर तिथं पाणी ठरत नाही असं सांगायचं.

यंदा पोशीआत्याचे गुडघे धरले आहेत, त्यामुळे नको म्हणायला मला जायचं आहे. वर्गात मला हजेरीसुद्धा मोठ्याने देता येत नाही. सकाळपासून मनातल्या मनात म्हणून बघते आहे, आज नको, बाई, आज—

"पोरी, आली गं ती! रोपं उचलायच्या आत पळ!" पोशीआत्या ओरडते आहे, तेव्हा मी आता—