सासऱ्यांचा डावा हात आणि माझी कंबर

हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डवरची ती मालिका मी एकही भाग न चुकवता पाहिली आहे. तीनशे बारा भाग! त्यामुळे घरात कोणी नुसतं शिंकलं तरी आधी माझं मत घेतलं जातं. निदान मी ते देतो तरी.

परवा दुपारी सासरे सोफ्यावर तासभर झोपून उठले आणि डावा हात झटकत म्हणाले, हाताला मुंग्या आल्यात. माझ्या डोक्यात मालिकेतलं संगीत सुरू झालं. वय एकाहत्तर, डावा हात. मालिकेत असा माणूस जाहिराती लागायच्या आत कोसळतो.

बायको म्हणाली, हात अंगाखाली आला असेल. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं आणि हॉस्पिटलात निघायचं जाहीर केलं. सासरे चपला शोधायला लागले, तर मी त्यांना खुर्चीत दाबून बसवलं. अशा रुग्णाने पाऊलही टाकायचं नसतं. लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावरच्या जिमवाल्याला बोलावलं आणि दोघांनी खुर्ची उचलली.

दुसऱ्या मजल्यावर माझ्या कंबरेत कट्‌ असा आवाज झाला. खुर्ची टेकली, पण मी वाकलेला तसाच राहिलो. जमिनीवर पडलेलं नाणं शोधतोय असा.

सासरे शांतपणे उठले, मला खुर्चीत बसवलं आणि बायको नको नको म्हणत असताना खुर्ची एका बाजूने स्वतः धरून खाली आणलं.

कॅज्युअल्टीत सिस्टरने विचारलं, पेशंट कोण? मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, त्यांनी माझ्याकडे. सिस्टरने वाकलेल्या माणसाला पालथं झोपवलं. उशीत तोंड असतानाही मी डॉक्टरांना सासऱ्यांचा हात बघायला लावला. ते म्हणाले, हात अवघडलाय, बाकी काही नाही. आणि मला इंजेक्शन दिलं.

तेवढ्यात सिस्टर थबकली. स्टुलावर बसलेले सासरे घामाने भिजले होते. तिने नाडी धरली. मिनिटाला जेमतेम अडतीस ठोके!

"आजोबा, चक्कर येते का?"

"जिना चढताना येते. महिना झाला."

"घरी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर जावयांनी उचललं असतं."

मग सगळी पळापळ झाली. बायकोने वडिलांचा हात धरला आणि ती तो सोडेना. मला मान वळवता येत नव्हती, फक्त तिची पावलं दिसत होती. या वेळी डोक्यात कुठलंच संगीत वाजलं नाही.

त्यांना पेसमेकर बसवायचं ठरलं. डॉक्टर जाताना मी हळूच म्हणालो, "हृदयाचंच आहे, हे मी आधीच सांगितलं होतं."

"तुम्ही हात सांगितला होता," डॉक्टर म्हणाले. "त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही."

पेसमेकर बसला. सासरे चौथ्या दिवशी घरात हिंडायला लागले. मी तीन आठवडे आडवा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, जावयाची कंबर धरली म्हणून हॉस्पिटलात थांबलो, नाहीतर हात झटकत घरी आलो असतो.

पाहुणे भारावून आभार मानतात. माझे नाही, कंबरेचे.