देवतळे सरांची लाल शाई

देवतळे सरांना लग्नपत्रिका दिली, की ते आधी खिशातलं लाल शाईचं पेन काढत. इंग्रजीतल्या चुका सुधारून पत्रिका परत देत, मगच अभिनंदन करत. खोकल्याच्या बाटलीवरचं लेबलही त्यांच्या हातून सुटलं नाही.

मुलांनो, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगणघाटच्या एका शाळेत आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. शक्यता सांगताना नेमका शब्द निवडणं हा सरांचा ध्यास. "मे म्हणजे बरी आशा. माइट म्हणजे थोडकी. मस्ट म्हणजे पुरावा दिसतो आहे." वर्ध्याची बस येईल का असं विचारलं, तर ते रस्त्याकडे पाहून म्हणत, "माइट." दूर धूळ उडाली, की लगेच, "मस्ट." त्यांच्यामुळे सुखदेव शिपाईही तयार झाला होता. हेडमास्तर आज वर्गावर येणार का, विचारलं की तो सांगे, "मे, बाई. चष्मा पुसून राह्यले."

सरांची बायको गेलेली, एकुलता मुलगा परदेशात. दिवाळीच्या आधी त्याचं इंग्रजी पत्र येई: डिसेंबरात माइट येईन. सलग पाच वर्षं माइट. पुढे आम्ही विचारणंच सोडलं.

सहाव्या वर्षी मात्र सर स्टाफरूममध्ये जवळजवळ धावतच आले. "बाई, पोट्ट्यानं यंदा मे लिहिलं. माइट नाई, मे."

"मग घराले चुना लावाव लागन, सर," सुखदेव म्हणाला.

"काऊन थांबला मग? आण ना चुना."

आठवडाभर सगळी शाळा त्याच नादात. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, खाटेला नवी नवार लागली. दहावीची मुलं रोज विचारत, "सर, दादा कधी येणार?" मुलाला कुरडया आवडतात असं कळल्यावर मीही उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले.

सर चहा टाकायला आत गेले. टेबलावर पत्र उघडंच होतं. मुलाच्या निळ्या अक्षरातला 'माइट' लाल शाईने खोडलेला होता. त्याच्या डोक्यावर, सरांच्या वळणदार अक्षरात, 'मे'.

"बाई, साखर किती टाकू?" आतून आवाज आला.

मी पत्रावरून नजर वळवली.

"दोन चमचे," मी म्हटलं. "आणि सर, एवढ्या कुरडया पुरायच्या नाहीत त्याला. उद्या आणखी आणते."