बिरूतात्यांचे पंधरा लिटर

आमच्या बिरूतात्यांचं वजन लिटरमध्ये असायचं. किलोत बोललेलं त्यांना चालायचं नाही. सकाळी साडेसहाला दुधाच्या कॅनच्या काट्यावर चपला काढून, पटका काढून, खिशातल्या किल्ल्याही माझ्या हातात देऊन ते उभे राहायचे आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगायचे, "आज पाव लिटर उतरलो." रांगेतली माणसं पहाटे उठून, म्हशी पिळून, सायकलला कॅन अडकवून थंडीत काकडत आलेली. त्यांना काय करायचंय तात्यांच्या पाव लिटराशी? पण दुधाची परीक्षा करणारा माणूस हाच. त्यामुळं सगळे गुमान "बरं झालं तात्या" म्हणायचे.

काट्यावर दिसायचे किलोच. हे मनातल्या मनात त्याचे दुधाचे लिटर करायचे. दूध पाण्यापेक्षा जड, त्यामुळं लिटर केले की आकडा दोनानं कमी येतो. एकदा मी म्हणालो, "तात्या, ही फसवाफसवी हाय." तर म्हणाले, "काटा दुधाचा हाय. दुधाच्या काट्यावर किलो सांगू व्हय?"

शेळगावच्या अलीकडं एका दूध संकलन केंद्रावर मी कारकून होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. तात्या दूध मापायचे, पाणी ओळखायला लॅक्टोमीटर बुडवायचे, फॅट काढायचे आणि मी आकडे लिहायचो. दोघांत टेबल एकच, आणि टेबलाखाली माझा डबा. हा डबा ध्यानात ठेवा. माझ्या सगळ्या संतापाचं मूळ तिथं आहे.

तात्यांच्या बापजाद्यांची मेंढरं होती. तात्यांनी ती विकून दोन म्हशी आणि एक जुनी मोपेड घेतली. माणूस पन्नाशीचा, उंचापुरा, रुंद हाडाचा. पोट म्हणाल तर तुमच्याआमच्याएवढं, सदरा घातला की दिसायचंसुद्धा नाही. मुद्दाम सांगतो, कारण मला शेवटपर्यंत हेच कळत नव्हतं की मुळात जाड नसलेल्या माणसानं पंधरा लिटर उतरायचा हट्ट का धरावा, आणि धरलाच तर त्याचा ताप मी का सोसावा.

हट्टाची सुरुवात मात्र माझ्यासमोर झाली. तात्यांची वस्ती कॅनॉलच्या पलीकडं खोलात. कुठंही जायचं तर आधी पुलाचा चढ चढावा लागतो. दिवाळीनंतर एकदा आम्ही तिघं-चौघं पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. खालून तात्यांची मोपेड कण्हत आली. मागं सोनाकाकू, म्हणजे त्यांची मंडळी. काकूंना थायरॉईडचा त्रास, अंगानं भरलेल्या, गुडघेही दुखायचे. निम्म्या चढावर गाडी अडली. तात्यांनी पायडल मारून पाहिलं, पण गाडी काही हलेना. शेवटी काकू उतरल्या आणि मागून चालत वर यायला लागल्या. मी आपला म्हणालो, "तात्या, आता टेम्पो बघा." सगळे हसले. तात्याही हसले. एवढंच. असे विनोद गावात दिवसाला पन्नास होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या काट्यावर. "सुभाष, पंधरा लिटर उतरायचं हाय. मेकॅनिकला इचारून आलोय. गाडीवरचं पंधरा किलो कमी केलं तर चढ चढंल म्हणला." डाळजला त्यांची लेक दिलेली. तिच्या पोराचं जावळ चैत्रात होतं. तोवर गाडी अशी चढली पाहिजे की काकूंना मधे उतरावं लागणार नाही, असा हा बेत. "माझ्या वजनापायी बिचारीला उतराय लागतंय," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

मी म्हणालो, "तात्या, चढ तो केवढा. शंभर पावलं. काकू चालत वर येतील, वर बसतील. न्हायतर सरळ एष्टीनं जावा." तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच खाली बघून आकडे लिहायला लागलो.

मग सुरू झाला छळ. "जिभेला दावं लावलंय," हे तात्यांचं नवं पालुपद. कुणी चहा आणला की म्हणायचे, "नगं, दावं लावलंय." कुणाच्या घरचं लग्नाचं आमंत्रण आलं की, "येतो, पर जिभेला घरी बांधून." एखादं ओढाळ जनावर सांभाळावं तसे ते स्वतःच्या जिभेबद्दल बोलायचे. सकाळी अर्धी भाकरी आणि काकडी. दुपारी ताक. संध्याकाळी मुळा. मुळा खाल्लेल्या माणसाशेजारी एका टेबलावर बसून पाहा, मग माझ्या रागाला नावं ठेवा.

आणि स्वतः खायचं नाही एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. दहा वाजले की तात्या वाकून माझा डबा उचलायचे, झाकण उघडायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि परत लावायचे. रोज. आत काय आहे ते नाकानं ओळखायचं आणि वर चुका काढायच्या. "वैनीनं आज फोडणी करपावली." एकदा कुणाची तरी म्हैस व्याली होती, चीक मिळाला म्हणून बायकोनं खरवस करून दिला. तात्यांनी वास घेतला तो दोन मिनिटं. मग डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "वेलदोडा कमी पडलाय. घेऊन जा लांब. त्या लिंबाखाली, पाठ करून बस. आन् मिटक्या मारू नगंस." माझा स्वतःचा खरवस मी चोरासारखा झाडाखाली पाठ करून खाल्ला. त्यात वेलदोडा खरंच कमी होता, हे आणखी डोक्यात गेलं.

संध्याकाळचं संकलन म्हणजे तर परीक्षाच. दिवसभर ताकावर काढलेला माणूस पाच वाजेपर्यंत नुसता फणफणलेला असायचा. एकाच कॅनमध्ये तीन-तीनदा लॅक्टोमीटर बुडवायचे. "ह्यात पाणी हाय. न्हाय? मग म्हशीला पाणी जास्त पाजलंस." एका म्हातारीला म्हणाले, "तुझ्या म्हशीचं डोळं खोटं हायेत." म्हैस समोर नव्हतीसुद्धा. शेवटी असं झालं की माणसं रांगेत लागायच्या आधी खिडकीतून मला हळूच विचारायची, "तात्या जेवल्यात का?" मी नाही म्हणून मान हलवली तर कॅन घेऊन रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहायची. केंद्र आहे का सासुरवास, असा प्रश्न मला पडायचा.

आणि मग दहा-बारा दिवसांनी दावं तुटायचं. इंदापूरच्या बाजारात पाव किलो जिलबी उभ्याउभ्या. भिगवणला कामाला गेले तर तळलेली मासळी, "मासळी हलकी असती" म्हणून चार नग. दावं तुटलेल्या दिवशी तात्यांसारखा गोड माणूस नाही. सगळ्यांचं दूध चांगलं, सगळ्यांच्या म्हशी गुणाच्या, म्हातारीला "आक्का, बस की जरा". दुसऱ्या दिवशी काट्यावर आकडा चढलेला. की पुन्हा तोंड पाडायचं, दोन दिवस कडकडीत उपास करायचा आणि आमच्या अंगावर धावून यायचं. पौष संपत आला तरी सगळे मिळून अडीच लिटर उतरले होते आणि केंद्रावरचा प्रत्येक माणूस तात्यांवर चिडलेला होता. सगळ्यांत जास्त मी.

मी तावातावानं त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हटलं काकूंनाच सांगावं. पूर्वी काकू आरोळी ऐकली की अंगणात यायच्या, चहा झाल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या दिवशी दाराआडूनच बोलल्या. "सुभाष, तूच सांग की यांना दोन घास खायला. माझं ऐकत न्हाईत." आवाज रडवेला. बाहेर काही आल्या नाहीत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग मी तात्यांना जवळजवळ ओढत उपकेंद्राच्या नर्सबाईंकडं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तात्या, दावं लावलं ते बरं केलं. पर बांधलेल्या गुराला वैरण घालायची का न्हाय? उपाशी ठेवलं तर ते दावं तोडणारच." तात्यांना ही भाषा एकदम पटली. बाईंनी सांगितलेलं साधंच होतं. दोन वेळा पोटभर भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, पालेभाजी. चहातली साखर आणि संध्याकाळची शेव-भजी बंद. रोज कॅनॉलच्या कडेनं तासभर चालायचं. आणि आठवड्यातून एकदा, जे खावंसं वाटेल ते ताटात घेऊन, मांडी घालून, बेतानं खायचं. उभ्यानं नाही, चोरून नाही.

तात्यांनी गुरुवार धरला. "गुरुवारी जिभेला चरायला सोडतो." गुरुवारी केंद्रात सण असायचा. बाकीचे दिवसही माणूस माणसात आला. पाच वाजता लॅक्टोमीटर एकदाच बुडायला लागला. काटा हळूहळू खाली यायला लागला. फाल्गुनात पायजम्याची नाडी दुप्पट गुंडाळावी लागत होती. गाल बसले, मानेची हाडं वर आली. मला आता वेगळाच राग यायला लागला. हा माणूस देखणा होता हो. कशापायी स्वतःचं बुजगावणं करून घेत होता?

चैत्र लागला आणि एका सकाळी तात्या काट्यावरून उतरले. "झालं. पंधरा लिटर." रांगेनं टाळ्या वाजवल्या. माझा मात्र बांध फुटला. रांग संपल्यावर मी म्हणालो, "तात्या, तुमी जाड कधीच नव्हता. सगळ्या गावाला छळलं, सोताला छळलं. काकू तिकडं दाराआड रडत्यात. एका चढापायी?"

तात्या कॅनची झाकणं पुसत होते. पुसत पुसतच बोलले. "तू टेम्पो म्हणलास त्या दिशी. मला म्हणलास, ते मला ठावं हाय. पर ती मागनं चालत येत हुती, सुभाष. तिला वाटलं, तिलाच म्हणलास."

मी आकड्यांची वही मिटली.

"त्या दिसापास्नं गाडीवर बसली न्हाय. एष्टीत दोन माणसांची जागा लागंल म्हणती. लेकीकडं न्हाय, बाजारला न्हाय. कुणी आलं तर दाराम्होरं यीत न्हाय. म्या म्हणलं, आगं येडे, माझ्या वजनानं अडली गाडी, माझ्यावर हसली पोरं. तर म्हणती, उगं समजूत काढू नगा. आता समजूत न्हाय, दावतोच म्हणलं."

"आन् मेकॅनिक?" मी विचारलं.

"त्यो गाडीवरचं पंधरा किलो म्हणला. कुठल्या शिटावरचं ते म्हणला न्हाय." तात्यांनी शेवटचं झाकण ठेवलं. "गुरुवारी जावळ हाय. सकाळी निघणार. तू पुलावर थांब."

बुधवारी रात्री मला जेवण गेलं नाही. सहा महिने मी ज्या माणसावर चरफडत होतो, तो माणूस माझं एक वाक्य पुसायला उपाशी राहत होता. आणि त्या वाक्याचा राग माझ्यावर एकदाही काढला नव्हता, डब्याचा वास सोडला तर.

गुरुवारी कठड्यावर बसलेल्या दोघा-तिघांना मी आधीच हाकलून दिलं. खालून मोपेड येताना दिसली. तात्यांच्या अंगात दिवाळीतला नवा सदरा, आता दोन माणसं मावतील असा. मागं काकू, हिरवं लुगडं, मांडीवर टोपलं, मान खाली. निम्म्या चढाला गाडीनं आचका दिला. काकूंनी उतरायला पाय खाली सोडला.

"बस," तात्या मागं न बघता म्हणाले. "उतरायचं न्हाय."

त्यांनी पायडल मारलं. आणखी मारलं. सदऱ्याआडून पाठीची हाडं दिसत होती. गाडी धापा टाकत, धूर ओकत, पण थांबली नाही. वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

काकूंनी मान वर केली. सहा महिन्यांनी मी त्यांचा चेहरा पाहिला.

"सुभाष," त्या म्हणाल्या, "गाडी चढली की रं."

"चढणारच काकू. सगळं वजन तात्यांचंच हुतं. त्या दिशी बी म्या त्यांनाच म्हणलं हुतं."

काकूंनी तात्यांच्या वाळलेल्या पाठीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "आन् मी सा महिनं उगंच घरात बसले," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तात्या सरळ रस्त्याकडं बघत होते.

मी माझ्या डब्याची पिशवी हँडलला अडकवली. "वाटंत खावा दोघं. आज गुरुवार हाय."

तात्यांनी झाकण किलकिलं केलं, डोळे मिटून वास घेतला. खरवस होता.

"वेलदोडा आज बरोबर पडलाय," ते म्हणाले, आणि गाडी डाळजच्या रस्त्याला लागली.