दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?

फिंटन मलहर्नने एका प्रेमकथेचा सूड घ्यायचं ठरवलं, आणि सूड घरातच उगवला.

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या वर्तमानपत्रात त्याने हयातभर नगरसेवकांना झोडपलं होतं. निवृत्तीनंतर झोडपायला बायकोने, नोरीनने, आणलेली कादंबरी उरली. तिच्यातली दोन पोरं जुळतात, तुटतात, पुन्हा जुळतात. पोरगी लंडनला निघते. पोरगा म्हणतो, “मी येऊ?” ती म्हणते, “नको, कशाला त्रास?” आणि हा दीडशहाणा खरंच जात नाही!

“एकदाच विचारलं!” फिंटन गरजला. “आयर्लंडात! इथे चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय कुणी घेत नाही!” (पुस्तक त्याने दोनदा वाचलं होतं. चुका शोधायला.)

“मग आग्रहच बंद करू या,” नोरीन म्हणाली.

“करूच! या घरात यापुढे एकदा प्रश्न, एकदा उत्तर!” असं म्हणून त्याने कादंबरी शेगडीजवळच्या लाकडांच्या टोपलीत भिरकावली.

दुसऱ्या दिवशी नोरीनने विचारलं, “लग्नाच्या वाढदिवसाला वेस्टपोर्टच्या हॉटेलात जाऊ या?”

“कशाला उगाच?” फिंटन सवयीने म्हणाला आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसला.

“बरं,” नोरीन म्हणाली, आणि बहिणीला, डिम्फ्नाला, फोन लावला.

शनिवारी दोघी बहिणी निघाल्या. फिंटन दारात उभा.

“काही बोलायचंय?” नोरीनने विचारलं.

“छे!”

गाडी गेली. कुत्र्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो स्वतः नगरसेवकांकडे पाहायचा. त्याने टोपलीतून पुस्तक काढलं, तेच लंडनचं पान उघडलं आणि डोळे पुसत नोरीनला फोन लावला.

“भिकार पुस्तक! त्या पोरीने पुन्हा बोलवायला काय झालं होतं?”

“त्या पोराला पुन्हा विचारायला काय झालं होतं?”

फिंटन मग घसा खाकरून म्हणाला, “मी येऊ?”

“नको, कशाला त्रास?”

नियम त्याचाच होता. फोन ठेवायला हात निघाला, पण थबकला. “येऊ का गं?”

“राहू दे रे, बसने दमशील.”

“नोरीन, मला यायचंय!”

पलीकडे दोघी बहिणी हसल्याचं ऐकू आलं.

“ये बाबा, ये. आणि ते पुस्तक विसरू नकोस.”

“आपण दोघं मिळून वाचायला?” फिंटनने आशेने विचारलं.

“नाही रे. डिम्फ्नाला हवंय. ती तर सकाळपासून तिसऱ्यांदा मागतेय.”