देवरे साहेबांची पाहणी

देवरे साहेब कोणाकडेही गेले की माणसांआधी कूलरला भेटतात. आपण "या, बसा" म्हणायच्या आत ते गॅलरीत पोहोचलेले असतात. कूलरच्या टाकीत टॉर्च मारतात, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघतात, मनी प्लँटची बाटली उजेडात धरतात. मग सोफ्यावर टेकून विचारतात, "बाकी, ताप कुणाला?"

'कसे आहात' असं विचारायची त्यांची हीच पद्धत.

साहेब आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. साथ कुठून येतेय, कुठे चाललीय, हे हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर जिल्हा हातातून गेला, म्हणून त्यांनी इंदिरानगरातली आमची सोसायटी घेतली. त्यांच्या दारामागे आमच्या इमारतींचा नकाशा आहे. ज्या घरात ताप, त्या घरावर लाल टिकली. टिकल्या अर्थात वहिनींच्या. पावसाळ्यात वहिनी म्हणतात, "माझ्या कपाळापुरती एक ठेवा, बाकीच्या तुमच्या डेंग्यूला."

अवकाळी पाऊस झाला की सगळं नाशिक द्राक्षांच्या काळजीत पडतं. साहेब डासांच्या. "पूर्वी दिवाळी झाली की डास रजेवर जायचे. आता थंडीच रजेवर गेलीय. डास बिचारे ओव्हरटाइम करतात." हे ते इतक्या आपुलकीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं डासांची बढती अडलीय.

एका लग्नात ते स्टेजजवळच्या कारंज्यात इतका वेळ वाकून बघत होते, की नवरदेवाच्या मामांना वाटलं अंगठी पडली. मामाही शेजारी वाकले. साहेब म्हणाले, "वळवळ दिसली तर सांगा." मामांनी हातातलं सरबत तसंच खाली ठेवलं.

अशा माणसाला आम्ही सगळे हसायचो. मीही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस पडला आणि माझ्या मुग्धाला ताप आला. दुसरीतली पोर. मला वाटलं, हवा बदललीय, जाईल. साहेब दारात आले, तिच्याकडे बघितलं आणि बाहेरूनच म्हणाले, "डोळ्यांच्या मागे दुखतंय का गं?" ती हो म्हणाली. "आत्ता रक्त तपासा. उद्या नाही."

डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. साहेब रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. त्या दिवसांत त्यांनी एकही विनोद केला नाही.

प्लेटलेट्स चढायला लागल्या त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढून मुग्धाच्या खाटेशी नेलं. "मुग्धाबाई, हा डास दिवसा चावतो. दुपारी कुठे असता तुम्ही?"

"गायधनी आजींकडे. त्यांच्या गॅलरीत बुलबुल येतात."

गायधनी आजी वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. मी ऑफिसातून येईपर्यंत मुग्धा त्यांच्याकडेच असते. आम्ही दवाखान्यातून थेट वर गेलो. गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याच्या मातीच्या थाळ्या ओळीनं मांडलेल्या. साहेबांनी टॉर्च मारला. ते मूळचे नामपूरचे, हादरले की अहिराणीत जातात. "हाई काय शे," ते पुटपुटले. पाण्यात नुसती वळवळ होती.

"बारीक किडे आहेत ना?" आजी म्हणाल्या. "मीच राहू दिलेत. तेवढाच पक्ष्यांना खाऊ." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मुग्धा कशी आहे हो? मला घास उतरत नाही. कुठला मेला डास चावला माझ्या लेकराला?"

जन्मभर साहेब याच प्रश्नाचं उत्तर शोधत आले होते. आता ते उत्तर त्यांच्या हातात होतं. त्यांनी थाळी हळूच उपडी केली.

"शोध चालू आहे, आजी. हे पाणी मात्र शिळं झालंय. बुलबुलांचं पोट बिघडेल."

सगळ्या थाळ्या त्यांनी काथ्यानं घासल्या आणि ताजं पाणी भरलं. जिन्यात मी विचारलं, "त्यांना सांगायचं नाही?"

"डास मेला. आता म्हातारीला कशाला मारायचं?"

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी विचारलं, "साहेब, लागला का पत्ता?"

साहेब उठले. "लागला. माझ्याच गॅलरीत, बादलीतल्या पाण्यात."

सगळे असे हसले की खुर्च्या हलल्या. वहिनी ताडकन वळल्या. त्यांच्या गॅलरीत बादलीच नव्हती. पण त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ओठांवर आलेलं गिळलं.

पुढच्या खुर्चीवरून गायधनी आजी काठी टेकत उठल्या.

"देवरे, एवढे मोठे साहेब तुम्ही. लोकांच्या घरात टॉर्च मारता अन् स्वतःच्या घरचं दिसलं नाही? पोर केवढी सुकली."

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणून भागत नाही. रोज सकाळी वर यायचं अन् माझ्या थाळ्या घासून द्यायच्या. तेव्हा कुठे तुम्हाला वळण लागेल."

"येतो," साहेब म्हणाले.

मुग्धा खडखडीत बरी झाली. साहेब अजून रोज सकाळी वर जातात. आजी आधी चहा देतात, मग शेजारी उभ्या राहून सांगतात, "कडेला घासा, देवरे. अंडी कडेलाच चिकटतात म्हणे."

साहेब मान डोलावतात आणि कडेला घासतात.