डाव्या कानावर दोन इंच

आमच्या सोसायटीतल्या हिलाल मास्तरांच्या डोक्यावर मागच्या उन्हाळ्यात चार रंग होते. डाव्या कानावर तांबूस, उजव्या कानावर निळसर काळा, मानेवर शेणाच्या जवळ जाणारा हिरवट, आणि कपाळावर, अगदी दर्शनी भागात, वांगी. मधलं मैदान पांढरंशुभ्र. आमच्या गोडादरा भागातली पोरं त्यांना ‘शेडकार्ड’ म्हणायची. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. उलट ते मान खाली घालून कोणता नंबर आवडला म्हणून विचारायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पलसाण्याच्या एका कापड मिलमध्ये ते एकतीस वर्षं डाइंग मास्टर होते. साडीचा रंग त्यांनी ‘पास’ म्हटल्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. कलिंगड असो, लग्नपत्रिका असो, मास्तर ते उचलून उन्हात नेणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, “रिजेक्ट.” माझ्या बँकेत घालायच्या शर्टाची बाही एका लॉटची आणि खिसा दुसऱ्या लॉटचा आहे, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं. तेव्हापासून तो शर्ट मला घालवत नाही.

दुसऱ्याच्या नजरेवर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. माझ्या तर मुळीच नाही. बँकवाल्यांना निळं पेन आणि लाल पेन एवढे दोनच रंग कळतात, असं त्यांचं ठाम मत.

होळी झाली आणि मास्तर मोबाइल घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्यांना सलूनची अपॉइंटमेंट हवी होती. बायकोच्या भाचीचं लग्न वैशाखात अमळनेरला होतं, आणि त्याआधी केसांचा रंग पास व्हायलाच हवा होता. मला हसू आलं, पण पर्वत पाटियाच्या एका झगमगीत सलूनला मी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिथल्या मुलीने गुजरातीत विचारलं, पूर्ण डोकं की नुसती मुळं?

“डाव्या कानावर दोन इंच,” मास्तर म्हणाले.

मुलीने तेच पुन्हा विचारलं, मास्तरांनी तेच पुन्हा सांगितलं. मग मास्तरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी बोअरचं की पालिकेचं? रंग कशात कालवता, वाटी आधी कोणासाठी वापरलेली? दुकानाचं तोंड पूर्वेला आहे का? सकाळचा पहिलाच नंबर मिळेल का? (दुसऱ्याचा लॉट निघाल्यावर आपला लावायचा नाही, हा मिलचा नियम.) रंग लावायला बाई आहे ना? आणि शेवटी आवाज उतरवून, “खाज येत नाही ना?”

त्या मुलीने बिचारीने सगळ्याला हो म्हटलं. पण ‘बाई आहे ना’ हा प्रश्न मास्तर पुढे प्रत्येक सलूनला विचारत गेले आणि ही गोष्ट कशी कोण जाणे सोसायटीभर पसरली. साठी उलटलेला माणूस, लग्न भाचीचं, आणि रंग लावायला बाईच पाहिजे. मग काय, कट्ट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे मास्तरांना अमळनेरला घोड्यावर बसवा. मीही त्या हसण्यात होतो, हे कबूल करतो.

“आधी सँपल, मग लॉट,” एवढंच मास्तर म्हणायचे.

प्रत्येक सँपलची परीक्षा ठरलेली. पहिल्या दिवशी उन्हात बघायचं, कारण ट्यूबलाइटखाली त्यांच्या मते म्हशीचाही टोन कळत नाही. दुसऱ्या दिवशी साबण लावून धुवायचं आणि पांढऱ्या रुमालाने पुसायचं. तो रुमाल मला दाखवायला आणायचे, तोही नेमका मी जेवायला बसलो की. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पर्वत पाटियापर्यंत चालत जाऊन घाम काढायचा. पहिलं सलून लाल मारतं म्हणून रिजेक्ट. दुसऱ्याचा रुमाल निळा झाला. तिसऱ्याचा हिरवा मी सांगितलाच. चौथ्याने वांगी रंग लावून वर त्याला फॅशन म्हटलं.

मास्तरांच्या बायको, मंगलाकाकू, मात्र या सगळ्याबद्दल अवाक्षर काढत नसत. काकू मुळातच कमी दिसायच्या. दिसल्या तरी पदर कपाळापर्यंत ओढलेला. हळदीकुंकू नाही, बारसं नाही. भाचीला त्यांनीच तीन वर्षांची होईपर्यंत सांभाळलेलं, तरी लग्नाला येणार नाही म्हणत होत्या. गुडघे दुखतात म्हणे. माझी बायको म्हणाली, गुडघे दुखणारी बाई गव्हाचं पोतं घेऊन चौथा मजला चढते का? मी म्हटलं, असेल काहीतरी.

पाचवं पार्लर माझ्या बायकोनेच सुचवलं. गल्लीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत रेखाबेन नावाची बाई ते चालवायची. मास्तरांचे सगळे प्रश्न तिने ऐकून घेतले आणि उलट एकच सांगितलं. आधी कानामागे थेंबभर लावीन, तीन दिवस बघू, काही झालं नाही तर पुढचं. मास्तर फोनकडे बघतच राहिले.

“हाई बाईले काम येस,” ते गावच्या बोलीत म्हणाले; म्हणजे हिला काम येतं. मास्तरांच्या तोंडून कौतुक म्हणजे आक्रीतच.

चौथ्या दिवशी ते आले. रुमाल पांढरा होता. कानामागे पुरळ नव्हतं, खाज नव्हती. “पास,” म्हणाले. आमच्या ओळखीच्या दोन वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी लगेच फोन हातात घेतला आणि पूर्ण डोक्यासाठी नाव लिहायला सांगू लागलो, हिलाल...

“नाव मंगला सांगा,” मास्तर म्हणाले.

मग माझ्या दाराबाहेर जिन्यातच बसून त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी काकूंनी बाजारातून केसांच्या रंगाची पुडी आणली होती. मास्तरांनी ती हातातून काढून घेतली. एवढा मोठा डाइंग मास्टर घरात असताना पुडीवरचं वाचून रंग लावायचा? त्यांनी आपल्या मनाने दोन पुड्या एकत्र केल्या, आपल्या मापाने घट्ट कालवलं, आणि काकू आग होते म्हणत असताना अर्धा तास जास्त ठेवलं. रंग नीट चढायला वेळ लागतो, असं त्यांना सांगत राहिले. डोकं सुजलं. पुढचे केस गेले ते पुन्हा आले, पण विरळ आणि पांढरे. त्या दिवसापासून पदर खाली आला तो आलाच.

“एकतीस वरीसमां मना एक लॉट खराब झाया नही,” ते म्हणाले. “घरमां एकच डोकं व्हतं.”

मला कट्ट्यावरचं माझं हसणं आठवलं आणि फार लाज वाटली.

ठरलेल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या नंबराला, मास्तर काकूंना घेऊन गेले. मलाही बरोबर नेलं; का, ते सांगितलं नाही. दोन तास ते पायरीवर बसून होते. आतून काही आवाज आला की उठायचे आणि दाराशी जाऊन विचारायचे, “आग होत नाही ना?” शेवटी रेखाबेनने दार लावून घेतलं.

काकू बाहेर आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता. मास्तरांनी त्यांचा दंड धरला आणि सरळ गल्लीच्या मधोमध उन्हात नेऊन उभं केलं. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. मास्तरांनी डोळे बारीक केले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला.

“काय मास्तर,” काकूंनी विचारलं, “पास का रिजेक्ट?”

मास्तर माझ्याकडे वळले.

“साहेब, तुमीच देखा. माले काही दिसत नही.”

मी बघितलं. रंगातलं मला अजूनही काही कळत नाही. पास, म्हणालो.

काकूंनी मग मास्तरांचं डोकं दोन्ही हातांनी धरून उन्हात फिरवलं. तांबूस, हिरवट, निळा, वांगी, सगळं एकदा नीट पाहून घेतलं.

“आते हाई काळं करा,” त्या म्हणाल्या, “मंग जाऊत लग्नाले.”