एक वीटही हलवू नये

दाराशेजारची पाटी पुसायचं काम बाईंनी नवऱ्याला सांगितलं, तिथंच घोळ झाला. या गृहस्थांना सगळी गल्ली 'उद्योगी' म्हणायची, ते उगाच नव्हे. पण बाईंचाही नाइलाज होता. अकरा वाजता वारसा खात्याचे साहेब येणार होते. घर दीडशे वर्षांचं, लाल विटांचं, चिंचोळं, तीन मजली आणि संरक्षित! स्वयंपाकघराला एक खिडकी मिळावी म्हणून बाईंनी चार अर्ज केले होते. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरायचा त्यांना अगदी वीट आला होता.

उद्योगींनी पाटी लखलखीत केली. आता तेवढ्यावर थांबावं की नाही? पण स्क्रू त्यांना जरा सैल वाटला, म्हणून त्यांनी तो पिळला. पाटी हातात आली आणि पाटीमागून वीटही आली. पायरीवर पडून तिचे तीन तुकडे झाले.

पाटीवर लिहिलं होतं, 'संरक्षित वास्तू. एक वीटही हलवू नये.'

"अहो, पाटी पुसायला सांगितली होती, घर पाडायला नाही!"

"अगं, एकच तर वीट!"

"पाटीवरही एकच लिहिलीय!"

अकराला दहा कमी होते. बाईंचा सुयादोऱ्यांचा लाल डबा त्या भोकात बरोब्बर बसला. वरून पाटी चिकटपट्टीनं चिकटवली.

साहेब आले आणि पाटी पाहून खूश झाले. "वा! इतकी निगा कोणी राखत नाही हो." त्यांनी कौतुकानं पाटीवर टकटक केलं. टण्ण! पाटी पडली, डबा पडला, पायरीभर सुया झाल्या.

गेली खिडकी! बाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं. उद्योगींनी विटेचे तुकडे पुढे केले.

साहेबांनी ते जुळवून पाहिले. मधोमध स्क्रूचं भोक होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"स्क्रू विटेत मारायचा नसतो," ते पुटपुटले. "दोन विटांमधल्या चुन्यात मारायचा. नाहीतर वीट तडकते. आमचा पहिलाच नियम आहे."

"पण पाटी तर तुमच्याच खात्यानं लावली. कोणी लावली होती हो?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मीच. नोकरीचा पहिला दिवस होता."

बाई सुया वेचत म्हणाल्या, "मग मी पाचवा अर्ज लिहू, की...?"

"छे छे, अर्ज कशाला, ताई? खिडकी कुठं हवी ते दाखवा!"

उभ्या उभ्या सही झाली. उद्योगींना अगदी भरून आलं. "साहेब, भिंत मीच फोडतो, हातोडा आ..."

"हात लावू नका!" बाई आणि साहेब एका सुरात ओरडले.